विहिरीजवळची पाटी

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मनकर्णाबाईचं तोंड कधी आणि कुठे पोळलं होतं देव जाणे, पण ती पाणीसुद्धा फुंकून प्यायची. किराणावाल्याने तोलून दिलेली साखर घरी येऊन पुन्हा मापून पाहायची. एकुलत्या एका मुलीला, साधनाला, स्थळ आलं तेव्हा ही बाई पाहुण्यांच्या आधी त्यांच्याच गावी जाऊन धडकली आणि नळावर पाणी भरणाऱ्या बायकांना ‘पोराची माय घरात कशी बोलते वो?’ असं विचारून आली. गॅसची शेगडी घरात आली तर दीड वर्ष ती अंगणात, निंबाखाली पेटत होती. दीड वर्षानंतर मनकर्णाबाईने ती स्वयंपाकघरात नेली आणि मग आठ दिवसांत आळीतल्या सगळ्या शेगड्या घरात गेल्या. हिवरखेडहून अकोटकडे येताना लागणाऱ्या त्या गावात नवीन काही आलं की लोक आधी एकच विचारत, ‘मनकर्णाबाईनं घेतलं काय?’

नवरा शालिकराम मात्र दुसऱ्याच मातीचा. त्याला आयुष्यात कोणी खोटं बोलणारा भेटलाच नव्हता. म्हणजे भेटले पुष्कळ, त्याच्या लक्षात आलं नाही एवढंच. कोणी ‘काका’ म्हणून हाक मारली की हा गडी अर्धा विकला जायचा. अशी ही जोडी, आणि चाळीस-पंचेचाळीस वर्षं तिचा संसार चालला तो बहुधा याच कारणाने, की एक दार उघडायचा आणि दुसरी चौकटीत उभी राहून पाहुण्याच्या चपला न्याहाळायची.

बावीस वर्षांपूर्वी याच दारात डॉक्टर शेखर येऊन उभा राहिला. डॉक्टर म्हणजे सुई टोचणारा नव्हे, बियाण्याचा. मूळचा बडनेऱ्याचा, बाप रेल्वेत, पोरगा हुशार. शेतकीचं शिकून मोठा झाला आणि बाहेरदेशच्या पैशावर चालणाऱ्या एका संस्थेत लागला. त्या संस्थेचं काम एकच, जनुकं बदललेलं नवं बियाणं गरीब देशांतल्या शेतकऱ्यांच्या गळी उतरवायचं. हे शब्द माझे. संस्थेचे शब्द गोड होते. कपाशीच्या नव्या बियाण्यात म्हणे असं काही घातलं होतं, की बोंडअळीने पान किंवा बोंड खाल्लं की ती मरायची. फवारणी नको, डोक्याला ताप नको.

‘‘काका, तुमच्या वावरात अर्ध्या अर्ध्या एकराचे दोन तुकडे द्या मले,’’ शेखर म्हणाला. ‘‘एकात नवं बी, दुसऱ्यात साधं. दोन्हीत फवारा मारायचा नाही. दिवाळीत कापूस मोजू. कोणतं चांगलं ते तुम्हीच ठरवा.’’

शालिकराम ‘‘हो’’ म्हणून मोकळा झाला. मनकर्णाबाईच्या मनात मात्र तिथल्या तिथे तीन शंका उभ्या राहिल्या. पहिली, एवढं गाव सोडून आपलंच वावर काहून? दुसरी शंका त्याच्या बोलण्याची. हा माणूस जीपच्या ड्रायव्हरशी पुस्तकातलं बोलत होता आणि तिच्याशी तेवढा वऱ्हाडी. ती वऱ्हाडी ठेवणीतली होती, पाहुण्यांसमोर काढायच्या कपबशांसारखी. आणि तिसरी शंका सगळ्यांत मोठी. शेखरने नव्या बियाण्यासाठी तुकडा निवडला तो विहिरीजवळचा, काळ्याभोर मातीचा, जिथे गोठ्यातलं शेणखत पिढ्यान्‌पिढ्या पडत आलं होतं. साध्या बियाण्याला दिलं बरड, म्हणजे वरच्या अंगाची गोटाळ, भुकेली जमीन.

‘‘शर्यत लावता अन एकाच बैलाले ढेप चारता?’’ ती घरात आल्यावर नवऱ्याला म्हणाली.

‘‘तो शिकेल माणूस हाये. त्याले समजत नसन काय?’’ शालिकराम म्हणाला.

समजतं म्हणूनच तर, असं तिच्या ओठावर आलं होतं. पण खरी भीती तिला शर्यतीची नव्हतीच. भीती होती गाईची. विहिरीजवळच्या तुकड्याला लागून गोठा. जनावरं तिथेच पाणी पीत, धुऱ्यावरचं म्हणजे बांधावरचं गवत खात, जाता-येता पऱ्हाटीला, कपाशीच्या झाडांना, तोंड घालत. जे पान खाऊन अळी मरते, ते खाऊन माझी गाय कशी जगणार? हे तिने शेखरला विचारलं. तो हसला. ‘‘मावशी, गाईले काही होत नाही,’’ म्हणाला. ती हसली नाही. जो माणूस हसून उत्तर देतो त्याने उत्तर दिलेलं नसतं, असं तिचं मत होतं.

मग तिने जे केलं ते फक्त तिलाच सुचू शकत होतं. पेरणीच्या दिवशी शेखर आला, नारळ फोडला, दोन्ही तुकड्यांत लोखंडी पायाच्या पाट्या ठोकल्या आणि बियाण्याच्या दोन पिशव्या शालिकरामच्या हातात देऊन पुढच्या गावी गेला. शालिकराम बैलांमागे. सरकी टोबायचं काम बायकांचं. ओट्यात सरकी घ्यायची, वाकून बोटाने खड्डा करायचा, दोन दाणे टाकायचे, माती लोटायची. टोबायला दोघीच होत्या, मनकर्णाबाई आणि वच्छला, तिची जाऊ. मनकर्णाबाईने नव्या बियाण्याची पिशवी उचलली आणि सरळ बरडावर नेली. विहिरीजवळच्या तुकड्यात साधं बी म्हणून शेखरने दिलेलंसुद्धा टाकलं नाही. तिथे टोबली तिने स्वतःची सरकी. सासू चतुराबाईने माहेरून आणलेली आणि दरवर्षी चांगल्या झाडांची बोंडं निवडून राखेच्या मडक्यात जपलेली.

‘‘बाई, पाट्या?’’ वच्छलाने विचारलं.

‘‘पाट्या काय उगवते काय?’’ मनकर्णाबाई म्हणाली.

झालं. विहिरीजवळ पाटी नव्या बियाण्याची आणि खाली घरची सरकी. बरडावर पाटी साध्या बियाण्याची आणि खाली नवं. हे दोघींशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं, आणि वच्छलाही पुढे सहा वर्षांनी कावीळ होऊन गेली.

शेखर दर मंगळवारी यायचा. त्याने मनकर्णाबाईला एक काम नेमून दिलं होतं. दोन टोपल्या. विहिरीजवळच्या तुकड्यातली भोक पडलेली बोंडं लाल चिंधी बांधलेल्या टोपलीत, बरडावरची बिनचिंधीच्या. तो आला की मोजायचा आणि शंभर बोंडांत किडकी किती ते वहीत लिहायचा. पोळा झाल्यावरच्या एका मंगळवारी लाल चिंधीची टोपली काठोकाठ भरलेली होती आणि दुसरीत मोजून सात-आठ बोंडं. म्हणजे पाटीप्रमाणे पाहिलं तर नव्या बियाण्याला अळीने खाऊन टाकलं होतं आणि साधं बियाणं सुरक्षित होतं. शेखर दोन्ही टोपल्यांकडे बराच वेळ पाहत राहिला. मग विहिरीजवळच्या तुकड्यात गेला, एक पान तोडलं, उलटंपालटं केलं. बरडावर गेला, तिथलंही एक तोडलं. परत आला तो काही न बोलता. वहीत काहीतरी लिहिलं, चहा न घेता निघून गेला.

सापडलो, असं मनकर्णाबाईला वाटलं. पण पुढच्या मंगळवारी शेखर हसतच आला. टोपल्यांचं काम आता पुरे, म्हणाला. ती मनात म्हणाली, एवढा शिकला आणि याला पानावरून पऱ्हाटी ओळखू येत नाही! त्या दिवशी तिला त्या शास्त्रज्ञाची थोडी कीवच आली. कीव करायची तिला सवय नव्हती, म्हणूनच बहुधा चुकली.

दिवाळीनंतर कापूस मोजला. विहिरीजवळचा एकरी आठ क्विंटल पडला, बरडावरचा चार. पडणारच होता. काळी माती, शेणखत, विहिरीचं पाणी आणि चतुराबाईची सरकी. अळीने खाऊनही उरला तो आठ. पण शेखरने मांडव घातला, कर्णा लावला, शालिकरामच्या खांद्यावर शाल टाकली आणि मनकर्णाबाईला कापसाचं गाठोडं डोक्यावर देऊन विहिरीजवळच्या पाटीखाली उभं केलं. फोटो निघाला. तिने पदर सावरला आणि समोर पाहिलं. त्या क्षणी बोलायला हवं होतं, हे तिला तेव्हाही कळत होतं. पण शालिकराम शाल पांघरून असा उभा होता, की लग्नातसुद्धा एवढा खुलला नसेल. त्याने साऱ्या गावादेखत सांगितलं होतं, ‘‘नवं बी दुप्पट पिकते, मी स्वतः पाह्यलं.’’ आता पिशव्या बायकोने बदलल्या हे कळलं तर तो खोटा पडणार. घाव आपल्याच घरावर बसणार. ती गप्प राहिली.

पुढच्या वर्षी सारं गाव नव्या बियाण्याच्या रांगेत उभं राहिलं. शालिकराम तर सगळ्यांच्या पुढे. खोटं कशाला बोला, पहिली काही वर्षं फवारे कमी झाले, घरांना रंग लागले, गाईसुद्धा काही मेली नाही. पण मनकर्णाबाईच्या मडक्यातली सरकी मडक्यातच राहिली. ‘‘एक ओळ तरी लावू द्या,’’ ती म्हणायची. शालिकराम म्हणायचा, ‘‘पुढल्या वर्सी लावू. लोकं पाह्याले येते, इथं दुसरं बी दिसाले नको, असं साहेब म्हन्ते.’’ जोर करायचा तर कारण सांगावं लागलं असतं. कारण सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. चौथ्या वर्षी तिने कोणाला न विचारता धुऱ्याकडेला मूठभर टोबली. पंधरा दिवस रोज जाऊन पाहिलं. एक कोंब आला नाही. सरकी फार वर्षं टिकत नाही, आतलं तेल आटतं आणि दाणा मरतो. मडक्यात उरली राख. गावात आणखी ज्यांच्याकडे ती सरकी होती, त्यांनीही ती तोवर गुरांच्या ढेपीसाठी विकून टाकली होती. आणि पुढे काही वर्षांनी अळीला नवं बियाणंही पचू लागलं. फवारे आले ते पहिल्यापेक्षा जास्त.

फोटो मात्र कुठल्या कुठे गेला. शेखर विमानाने फिरू लागला. आफ्रिकेत, बांगलादेशात, आणखी कुठे कुठे. मोठ्या पडद्यावर मनकर्णाबाईला दाखवून तो सांगे, ही माझ्या वऱ्हाडातली एक साधी शेतकरी बाई. अधूनमधून शालिकरामला फोन करून तो हे कळवायचा आणि शालिकराम ते गावभर सांगायचा. मनकर्णाबाईला या सगळ्याची लाज वाटे. आपण एका शिकलेल्या, भोळ्या माणसाला फसवलं आणि तो बिचारा आपलं खोटं देशोदेशी वाहतोय, असं तिला बावीस वर्षं वाटत आलं. अख्ख्या जगावर संशय घेणारी बाई, पण या बाबतीत तिने संशय घेतला तो स्वतःवर.

यंदा दिवाळीच्या तोंडावर शेखरचा फोन आला. आफ्रिकेतल्या तीन देशांतले अकरा शेतकरी घेऊन येतो. त्यांच्याकडे नव्या बियाण्याला परवानगी द्यायची की नाही याची चर्चा चालू आहे. हे अकरा जण घरी जाऊन काय सांगतात यावर बरंच अवलंबून आहे. मावशींनी फक्त दोन वाक्यं बोलावीत. शालिकरामने पेटीतून शाल काढून उन्हात टाकली.

ज्या दिवशी पाहुणे यायचे त्या दिवशी सकाळीच संस्थेची माणसं आली. विहिरीजवळ आणि बरडावर तशाच लोखंडी पाट्या पुन्हा ठोकल्या, जुन्या फोटोत होत्या तशा. मध्ये भलामोठा फ्लेक्स लावला. फ्लेक्सवर तोच फोटो, गाठोडं डोक्यावर घेतलेली चाळिशीतली मनकर्णाबाई. खाली इंग्रजीत आणि मराठीत काही लिहिलं होतं. साधनाची मुलगी आचल अमरावतीला कॉलेजात शिकते, ती दिवाळीच्या सुटीत आजोळी आली होती.

‘‘काय लिह्यलं हाये वं त्याच्यावर?’’ आजीने विचारलं.

आचलने वाचलं. ‘‘‘एकाच हंगामात, एकाच शेतात. नव्या बियाण्याचा उतारा दुप्पट, एकरी आठ क्विंटल. किडकी बोंडं शंभरात फक्त चार.’’’

‘‘पुन्हा वाच.’’

आचलने पुन्हा वाचलं.

मनकर्णाबाई धुऱ्यावर बसली. आठ क्विंटल विहिरीजवळचे, ते घरच्या सरकीचे. पण त्या तुकड्याची टोपली तर काठोकाठ भरलेली होती. किडकी बोंडं शंभरात चार ही बरडाची टोपली, खरोखर नव्या बियाण्याची. आठ क्विंटल आणि शंभरात चार एका तुकड्याचे असूच शकत नव्हते. ज्याला अदलाबदल ठाऊक नव्हती त्याने पाटीप्रमाणे कीड शंभरात चाळीसेक तरी लिहिली असती. ज्याला ठाऊक होती आणि जो प्रामाणिक होता, त्याने नव्या बियाण्याचं वजन चार लिहिलं असतं. याने काय केलं, तर कीड मोजताना अदलाबदल ओळखली आणि कापूस मोजताना विसरला. दोन्हींकडचं बरं तेवढं उचललं आणि एका पाटीखाली मांडलं. वर तिला उभं केलं.

म्हणजे त्या मंगळवारीच त्याला सगळं कळलं होतं. पान तोडून पाहिलं ते उगाच नव्हतं. ज्याची आपण बावीस वर्षं कीव केली तो भोळा नव्हताच. मनकर्णाबाईला आधी संताप आला आणि मग एकदम हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याचाही राग आला.

शेखरची गाडी पाहुण्यांच्या बसच्या पुढे अर्धा तास आली. केस पांढरे झाले होते, हसू तेच. तिने त्याला विहिरीपाशी गाठलं.

‘‘डाक्टरसाहेब, शंभरात चार हे कोन्या टोपलीतले? चिंधीच्या का बिनचिंधीच्या?’’

शेखर विहिरीत पाहू लागला. त्या मंगळवारचाच गप्पपणा, तिने ओळखला.

‘‘जुनं कायले उकरता मावशी?’’

‘‘पिशव्या म्या बदलल्या होत्या. तुमाले मालूम होतं.’’

‘‘पान पाह्यल्याबरोबर समजलं होतं,’’ तो शांतपणे म्हणाला.

‘‘मंग बोलले काहून नाई?’’

आता त्याची ठेवणीतली वऱ्हाडी गळून पडली. ‘‘बोललो असतो तर पूर्ण वर्ष वाया गेलं असतं. आणि मी काय खोटं सांगितलं? नव्या बियाण्याला कीड कमी होती, हे तुमच्याच टोपलीत दिसलं. तेच बियाणं या काळ्या मातीत असतं तर आठ काय, दहा क्विंटल झाले असते.’’

‘‘असतं तं झालं असतं. झालं तं नाई नं?’’

शेखरने घड्याळ पाहिलं. तिने वाट अडवली.

‘‘एक सांगा. एवढं गाव सोडून माहंच वावर काहून घेतलं होतं?’’

शेखर हसला. ‘‘पहिल्या दिवशी चहाच्या टपरीवर विचारलं होतं, या गावात सगळ्यात जास्त शंका कोण काढतं? सगळ्यांनी एकच नाव सांगितलं. तुम्ही पटलात की गाव पटणार होतं.’’ मग आवाज खाली आणून म्हणाला, ‘‘मावशी, आज तुम्ही काही बोललात तर मला लोक एकदा विचारतील आणि मी निघून जाईन. तुम्हाला याच गावात राहायचंय. पिशव्या मी नव्हत्या बदलल्या. आणि काकांना काय सांगाल? बघा त्यांच्याकडे.’’

तिने पाहिलं. शालिकराम खांद्यावर शाल घेऊन खुर्च्या मांडत होता. सत्तरी ओलांडलेला माणूस, प्रत्येक खुर्ची शालीच्या टोकाने पुसत होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ही मूठ तिने बावीस वर्षं झाकली होती. आणखी एक तास झाकायला काय जात होतं?

बस आली. पाहुणे उतरले, टाळ्या वाजल्या, कुंकू लागलं, गावातले पन्नासेक लोक धुऱ्यावर उभे राहिले. त्या अकरांत निळं फडकं डोक्याला बांधलेली एक उंच बाई होती. मनकर्णाबाईने तिच्याकडे आधी संशयानेच पाहिलं, तिच्या चपलांपासून सुरुवात करून. पण त्या बाईने खुर्ची घेतली नाही. ती तुकड्यात शिरली, मातीचं ढेकूळ उचललं, चुरगाळलं आणि नाकाला लावलं. मग बरडावर जाऊन तिथलंही लावलं. तिने दोन्हीकडची माती हुंगल्याचं शेखरच्याही लक्षात आलं, कारण त्याने लगेच सगळ्यांना बसायला सांगितलं.

बाई बसली नाही. मनकर्णाबाईसमोर येऊन तिने काही विचारलं. शेखरने मराठीत सांगितलं, ‘‘त्या विचारतात, हे बी तुम्ही स्वतःच्या हाताने लावलं होतं का? आमच्याकडे घरचं बी आहे. ते सोडून मी हे लावावं, असं तुम्ही मला सांगाल का?’’

मनकर्णाबाईने शालिकरामकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बोलता आलं नसतं.

‘‘तिले सांगा,’’ ती म्हणाली, ‘‘या पाटीखाली नवं बी नव्हतंच. म्या पिशव्या बदलल्या होत्या. नवं बी तिकळे बरडावर होतं. तिथं कीड कमी होती, हे खरं हाये. पन कापूस चारच पडला. आठ पडला थो माह्या सासूच्या सरकीचा. डाक्टरसाहेबाईनं दोन्हीकळचं चांगलं चांगलं एका पाटीवर लिह्यलं. तिले म्हना, आपलं बी सोळू नको. लावाचंच असन तं दोन्ही एकाच मातीत लाव, पाट्या स्वतः ठोक अन वजन स्वतः कर.’’

धुऱ्यावरच्या लोकांनी माना शालिकरामकडे वळवल्या. शेखरने मान डोलावली, मोठं हसला आणि इंग्रजीत छान लांबलचक काही सांगितलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. निळ्या फडक्याची बाई मात्र मनकर्णाबाईच्या तोंडाकडे पाहत होती. टाळ्या वाजवण्याजोगं काही त्या तोंडावर नव्हतं.

आचल आजीच्या कानाशी आली. ‘‘आजी, तू बोलली ते त्याईनं सांगतलंच नाई. म्हणाले, ही बाई म्हणते मी स्वतः लावलं, तुम्हीही लावा.’’

मनकर्णाबाईने पदर खोचला. विहिरीजवळच्या पाटीपाशी गेली, दोन्ही हातांनी धरून हलवली. काळी माती मऊ, पाटी सहज निघाली. ती ओढत ओढत बरडावर नेली. तिथली उपटायला जड गेली, पण उपटली. ती इकडे आणून रोवली. ती हे करत असताना शेखर दोनदा ‘‘मावशी, मावशी’’ म्हणाला. नव्या बियाण्याची पाटी बरडावर काही केल्या उभी राहीना. खाली गोटे. ती रोवायची आणि पाटी कलंडायची. पाहुणे खुर्च्यांवरून उठले होते. पाट्यांवरचं इंग्रजी त्यांना वाचता येत होतं आणि दोन तुकड्यांतली माती त्यांना दिसत होती. आता कोणाला काही समजावून सांगायची गरज नव्हती, तरी आचल पुढे झाली आणि आजीचं बोलणं तिने इंग्रजीत सांगून टाकलं.

निळ्या फडक्याच्या बाईने एकच प्रश्न विचारला. आचलने तो मराठीत सांगितला. ‘‘आजी, त्या म्हणतात, ती तुमच्या घरची सरकी कुठाय? मूठभर पाहायला मिळेल काय?’’

मनकर्णाबाईला या प्रश्नाचं उत्तर ठाऊक होतं आणि ते तिच्याने देववेना. ज्या सरकीने शर्यत जिंकली तिला त्याच शर्यतीने संपवलं होतं. घरात मडकं होतं आणि मडक्यात राख.

शालिकराम धुऱ्यावरून खाली उतरला. शाल त्याने खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि विहिरीजवळची पहार उचलून बरडावर आला. बायकोच्या हातातली पाटी त्याने धरली, गोट्यांत पहारीने खड्डा केला, पाटी उभी केली आणि भोवती दगड दाबले. मग पाहुणीकडे पाहून म्हणाला, ‘‘थे सरकी नाई राह्यली बाई. म्याच सोळली. साऱ्या गावानं सोळली. पाटीवर काय लिह्यलं हाये हे आमी वाचलंबी नव्हतं. फोटो पाह्यला होता. जे बाई गॅसची शेगडी दीड वर्स अंगनात ठेवते, थे खोट्या पाटीखाली उभी राह्यन, असं कोनाच्या मनात येइन?’’

त्याच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं, असं मनकर्णाबाईला वाटलं.

आचलला हे इंग्रजीत सांगायचं होतं. ती आजीकडे पाहत राहिली.

‘‘सांग तिले,’’ मनकर्णाबाई म्हणाली. ‘‘तुहा आजा बोलला तसंच्या तसं सांग. एक शब्द गाळू नको.’’